साखळीभोवती उभा राहणारा स्फटिक: पॉलिमर समावेशन संयुगांची रचना आणि वाढ

दोन भिन्न पदार्थांचे रेणू एकमेकांशी एकही सहसंयुज बंध न जोडता एकाच स्फटिकात ठरावीक क्रमाने नांदू शकतात. त्यांपैकी एका पदार्थाचे रेणू पोकळ्या असलेला सांगाडा रचतात आणि दुसऱ्याचे रेणू त्या पोकळ्यांत बसतात. अशा स्फटिकांना समावेशन संयुगे म्हणतात. सांगाडा रचणारा रेणू तो यजमान आणि आत बसणारा तो पाहुणा. पाहुणा लहान असेल तर सर्व बाजूंनी बंद असलेली पोकळी पुरते. पण पाहुणा पॉलिमर असेल, म्हणजे शेकडो किंवा हजारो एककांची लांब साखळी असेल, तर स्फटिकाच्या आरपार सरळ जाणारी नलिकाच लागते.

हे वर्णन ऐकले की आधीपासून तयार असलेल्या पोकळ नळ्या आणि त्यांत एका टोकाने सरकत जाणाऱ्या साखळ्या असे चित्र मनात उभे राहते. या विषयातील बरेचसे गैरसमज त्याच चित्रातून निघतात. सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या काही यजमानांच्या बाबतीत नळी आधी नसतेच; स्फटिक वाढत असताना ती साखळीभोवती, साखळीच्याच आधाराने तयार होते. म्हणून या संयुगांची रचना आधी समजून घेऊन वाढीचा विचार नंतर करू, असे म्हणता येत नाही. रचनेतील जवळजवळ प्रत्येक वैशिष्ट्याचे कारण वाढीच्या रीतीत सापडते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण युरियाचे आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेंगेन दुधावरील प्रयोगांत युरिया वापरत असताना ऑक्टेनॉल या लांब साखळीच्या अल्कोहोलबरोबर त्याचे अनपेक्षित स्फटिक तयार झाल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि १९४० मध्ये त्यांनी या प्रक्रियेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे विल्हेल्म श्लेंक यांनी अशा अनेक संयुगांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी ए. ई. स्मिथ यांनी क्ष-किरण विवर्तनाने त्यांची रचना उलगडली. शुद्ध युरियाचा स्फटिक चतुष्कोनी असतो, त्यातील रेणू दाटीने बसलेले असतात आणि त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३२ ग्रॅम असते. सरळ साखळीचा हायड्रोकार्बन सोबत असताना मात्र तेच रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन मळसूत्री पट्ट्या तयार करतात आणि त्या पट्ट्या एकमेकींत गुंफल्या जाऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नलिकांची मांडणी उभी राहते. या मांडणीत प्रत्येक भिंत दोन शेजारच्या नलिकांची सामाईक भिंत असते.

या मांडणीची मापे बोलकी आहेत. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. नलिकेचा मोकळा व्यास सुमारे ५.२ ते ५.५ अँगस्ट्रॉम असतो, शेजारच्या दोन नलिकांच्या अक्षांमधील अंतर सुमारे ८.२ अँगस्ट्रॉम असते आणि नलिकेच्या दिशेने यजमानाची रचना दर ११ अँगस्ट्रॉमला पुन्हा सुरू होते. या ११ अँगस्ट्रॉम लांबीत एका नलिकेच्या वाट्याला युरियाचे सहा रेणू येतात. याच आकड्यांवरून हिशेब केला तर नलिका रिकाम्या असलेल्या काल्पनिक सांगाड्याची घनता जेमतेम ०.९३ ग्रॅम भरते, म्हणजे शुद्ध युरियापेक्षा सुमारे ३० टक्के कमी. इतकी मोकळी रचना स्वतःच्या बळावर टिकत नाही. पाहुणा काढून घेतला की षटकोनी सांगाडा कोसळतो आणि युरिया आपल्या नेहमीच्या चतुष्कोनी रूपात परततो. सांगाड्याचे अस्तित्वच पाहुण्यावर अवलंबून आहे, हे म्हणणे येथे अक्षरशः खरे आहे.

आणखी एक गोष्ट मला या रचनेत विशेष वाटते. युरियाचा रेणू स्वतः डावा किंवा उजवा नसतो. त्याची आरशातील प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसते. तरीही एका समावेशन स्फटिकातील सर्व मळसूत्रे एकाच दिशेने वळलेली असतात, त्यामुळे तो स्फटिक संपूर्णपणे डावा किंवा संपूर्णपणे उजवा ठरतो. कोणत्या दिशेने वळायचे याचा निर्णय पहिल्या स्फटिकबीजात होतो आणि नंतर जोडला जाणारा प्रत्येक रेणू तोच पाळतो. रचनेचा हा गुण वाढीच्या पहिल्या क्षणी ठरलेला असतो.

आता पाहुण्याकडे वळू. पॉलिइथिलीनची साखळी पूर्ण ताणलेल्या नागमोडी अवस्थेत असते तेव्हा तिचा एक आवर्तनघटक २.५४ अँगस्ट्रॉम लांब असतो. यजमानाच्या ११ अँगस्ट्रॉम आवर्तनात असे सुमारे ४.३ घटक मावतात. ही संख्या पूर्णांक नाही. त्यामुळे नलिकेच्या भिंतीतील ठरावीक जागेसमोर साखळीतील ठरावीक अणू येईल, असे कधीच घडत नाही. दोन्ही आवर्तने एकमेकांशी मेळ न घालता शेजारी शेजारी चालतात. सामान्य स्फटिकात प्रत्येक अणूला ठरलेले स्थान असते, येथे मात्र एकाच स्फटिकात दोन स्वतंत्र क्रम आहेत. क्ष-किरण चित्रांतही हे दिसते, कारण यजमानाच्या क्रमाचे तीक्ष्ण ठिपके आणि पाहुण्याच्या क्रमाच्या वेगळ्या, बहुधा पसरट रेषा एकाच चित्रात उमटतात. भिंतीशी साखळीचा कोणताही विशिष्ट बंध नसतो. तिला धरून ठेवणारी फक्त क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षणे असतात, पण ती साखळीच्या संपूर्ण लांबीवर काम करतात आणि त्यांची बेरीज मोठी होते.

साखळीची जाडी नलिकेपेक्षा थोडीशीच कमी असल्यामुळे एका नलिकेत एकच साखळी मावते, आणि तिला दुमडायला जागा नसते. पॉलिमरच्या नेहमीच्या स्फटिकांशी तुलना केली की याचे महत्त्व कळते. अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की द्रावणातून वाढलेल्या पॉलिइथिलीनच्या स्फटिकात साखळ्या पुन्हा पुन्हा दुमडून सुमारे १०० अँगस्ट्रॉम जाडीच्या पातळ पापुद्र्यांत बसतात. तशा पापुद्र्यात शेजारच्या साखळ्या सुमारे ४.५ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात आणि एकमेकींना स्पर्श करतात. समावेशन संयुगात तेच अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या पुढे जाते आणि मध्ये यजमानाची भिंत येते. म्हणून प्रत्येक साखळी एकटी असते. तिच्या कंपनांचा, फिरण्याचा आणि वळण्याचा अभ्यास शेजाऱ्यांच्या गोंधळाशिवाय करता येतो, आणि पॉलिमरच्या कोणत्या गुणधर्माचे मूळ एकट्या साखळीत आहे व कोणत्याचे गर्दीत, हे वेगळे काढण्याचे याहून चांगले साधन क्वचितच मिळते.

मात्र यजमान नेहमीच एकाच साच्यात राहतो असे समजू नये. पॉलिइथिलीन ऑक्साइड हा पाहुणा असताना युरिया वर सांगितलेली षटकोनी रचना न करता वेगळी मांडणी स्वीकारतो. थायोयुरियात ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू असल्याने त्याची नलिका अधिक रुंद होते आणि तिच्यात फांद्या असलेले किंवा वलयाकार रेणू बसतात, तर सडपातळ सरळ साखळ्या तिला सहसा आधार देऊ शकत नाहीत. पाहुणा फार मोठा असून चालत नाही, तसाच फार लहान असूनही चालत नाही, कारण भिंतीला आतून टेकू मिळाला पाहिजे.

अशा स्फटिकाची वाढ समजून घ्यायची तर द्रावणात असलेल्या पॉलिमरपासून सुरुवात करावी लागते. तेथे साखळी सरळ नसते. ती सतत आकार बदलणाऱ्या सैल गुंडाळीच्या रूपात असते आणि तिला असंख्य आकार घेता येतात. नलिकेत शिरताना हे सगळे स्वातंत्र्य सोडून एकच ताणलेला आकार घ्यावा लागतो. उष्मागतिकीच्या भाषेत एंट्रॉपीचा, म्हणजे अशा स्वातंत्र्याच्या मापाचा, हा मोठा तोटा आहे आणि तो भरून काढण्यासाठी तितकीच ऊर्जा मुक्त व्हावी लागते. ती दोन वाटांनी मिळते: यजमानाच्या रेणूंमध्ये तयार होणारे हायड्रोजन बंध ही एक वाट, आणि साखळी व भिंत यांच्यातील जवळीक ही दुसरी. तापमान वाढले की एंट्रॉपीचे पारडे जड होते आणि संयुग विघटित होते. सरळ हायड्रोकार्बनांच्या युरिया संयुगांत पाहुणा जितका लांब तितके विघटनाचे तापमान वर सरकते. याचे एक कारण असे की नलिकेत दोन साखळ्यांची टोके समोरासमोर आली की तेथील भिंतीचा आधार कमी पडतो. साखळ्या लांब असतील तर अशा जागा कमी येतात. पॉलिमर हा या दृष्टीने उत्तम पाहुणा आहे, पण केवळ आत गेल्यानंतर. आत जाणे त्याला लहान रेणूपेक्षा कितीतरी अवघड असते.

ही अडचण स्फटिकबीजाच्या पातळीवर सर्वाधिक जाणवते. युरिया आणि पॉलिमर यांचे गरम द्रावण थंड होऊ लागले की तीन गोष्टींची स्पर्धा सुरू होते: युरिया एकटाच चतुष्कोनी रूपात स्फटिकीभूत होऊ शकतो, पॉलिमर एकटाच दुमडून पापुद्रे बनवू शकतो, किंवा दोघे मिळून समावेशन संयुग घडवू शकतात. तिसरी गोष्ट ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची असली तरी तीच घडेल याची शाश्वती नसते, कारण तिच्या बीजासाठी साखळीचा एक तुकडा सरळ व्हायला हवा आणि त्याच वेळी त्याच्याभोवती युरियाचे पुरेसे रेणू योग्य क्रमाने यायला हवेत. म्हणून द्रावक, संहती आणि थंड करण्याचा वेग यांची निवड अशी करावी लागते की द्रावण समावेशन संयुगासाठी अतिसंपृक्त असेल, म्हणजे ते स्फटिकरूपात बाहेर पडू लागेल, पण दोन्ही शुद्ध घटकांसाठी शक्यतो नसेल. घाईने थंड केलेल्या द्रावणातून बऱ्याचदा मिश्रणच हाती येते.

बीज एकदा तयार झाले की वाढ सर्व दिशांना सारखी होत नाही. युरियाची समावेशन संयुगे बहुधा लांबट, षटकोनी छेदाच्या सुया किंवा प्रचिन (प्रिझम) बनतात आणि त्यांची लांबी नलिकेच्या दिशेने असते. नलिकेच्या उघड्या टोकाशी मळसूत्राचा पुढचा रेणू कोठे बसायचा हे ठरलेले असते, आणि पाहुणा पॉलिमर असेल तर त्याच साखळीचा उरलेला भाग तेथे बाहेर आलेला असतो. म्हणजे पाहुण्याचा पुरवठा आधीच हजर असतो आणि यजमानाने फक्त त्याच्याभोवती भिंत पुढे न्यायची असते. बाजूच्या पृष्ठावर मात्र नवी नलिका सुरू करावी लागते आणि त्यासाठी एखाद्या नव्या साखळीने त्या पृष्ठालगत लांबीच्या दिशेने आडवे व्हावे लागते. बाजूची वाढ यामुळेच मंदावते. साखळीची लांबी स्फटिकापेक्षा जास्त असेल तर तिचा बाहेर राहिलेला भाग मोकळा राहतो किंवा जवळच्या दुसऱ्या नलिकेत शिरतो. एकाच साखळीची दोन अंगे अशी दोन ठिकाणी अडकली की वाढ अडखळते आणि दोष निर्माण होतात. लहान पाहुण्यांचे मिलिमीटर लांबीचे सुबक स्फटिक सहज मिळत असताना पॉलिमरच्या बाबतीत बारीक, सदोष स्फटिकांवर समाधान मानावे लागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

या अडचणीवर एक सुंदर उपाय आहे: साखळी बाहेरून आत नेण्याऐवजी ती आतच घडवायची. मोनोमरचे, म्हणजे ज्यांपासून साखळी बनते त्या एककांचे, लहान रेणू यजमानाबरोबर सहज स्फटिकीभूत होतात आणि नलिकेत एकामागोमाग एक रांगेत बसतात. नंतर उच्च ऊर्जेच्या प्रारणाने मुक्त मूलके, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील रेणू, निर्माण केली की रांगेतील रेणू एकमेकांना जोडले जातात. १९६० मध्ये व्हाइट आणि ब्राउन यांनी युरिया व थायोयुरियाच्या नलिकांत असे पॉलिमरीकरण करून दाखवले. युरियाच्या नलिकेत ब्युटाडाइनपासून सर्व एकके एकाच पद्धतीने जोडलेली साखळी मिळाली आणि व्हिनाइल क्लोराइडपासून अत्यंत नियमित मांडणीचा पीव्हीसी मिळाला. नलिकेत मोनोमरला आडवे-तिडवे वळायला जागाच नसते, म्हणून द्रावणात घडणाऱ्या बाजूच्या अभिक्रिया येथे बंद होतात. शिवाय वाढत्या साखळीच्या टोकावरील मूलक दुसऱ्या नलिकेतील मूलकाला भेटू शकत नाही, त्यामुळे ते बराच काळ टिकते.

इटलीत मारिओ फारिना, ज्युलिओ नाट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात परहायड्रोट्रायफेनिलीन हा यजमान घेऊन ही कल्पना आणखी पुढे नेली. या यजमानात हायड्रोजन बंध नसतात. चपटे रेणू एकावर एक रचले जाऊन उभे स्तंभ बनतात आणि स्तंभांच्या मधल्या जागेत नलिका राहते. फारिना यांनी यजमानाचे डावे आणि उजवे रूप वेगळे करून फक्त एकाच रूपाचा स्फटिक घेतला, त्यात पेंटाडाइनचे पॉलिमरीकरण केले आणि १९६७ मध्ये प्रकाशीय दृष्ट्या सक्रिय, म्हणजे ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवणारा, पॉलिमर मिळाल्याचे जाहीर केले. यजमान आणि साखळी यांच्यात एकही रासायनिक बंध नव्हता, तरी केवळ नलिकेच्या आकाराने साखळीचे वळण ठरवले होते. या संपूर्ण क्षेत्रातील हा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे स्फटिकरचनेचा परिणाम साखळीच्या रासायनिक घडणीत कायमचा नोंदला गेला.

सायक्लोडेक्स्ट्रिनांची गोष्ट वेगळी आहे आणि आरंभी सांगितलेले चित्र त्यांच्याबाबत बरेचसे लागू पडते. ही स्टार्चपासून मिळणारी वलये असून अल्फा रूपात ग्लुकोजची सहा, बीटा रूपात सात आणि गॅमा रूपात आठ एकके असतात. वलयाची उंची सुमारे ७.९ अँगस्ट्रॉम असते. आतील पोकळी अल्फामध्ये साधारण ५, बीटामध्ये ६ ते ६.५ आणि गॅमामध्ये सुमारे ८ अँगस्ट्रॉम रुंद असते. यात भोक आधीच तयार आहे आणि साखळीला खरोखरच त्यातून ओवून घ्यावे लागते. १९९० मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठातील अकिरा हारादा आणि मिकिहारू कामाची यांनी दाखवले की अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पाण्यातील द्रावणात पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळले की ते गढूळ होते आणि पांढरा स्फटिकी साका खाली बसतो. त्यात दर दोन ग्लायकॉल एककांमागे एक वलय असे प्रमाण आढळले. बीटा वलयाशी या साखळीचे तसे संयुग होत नाही, पण अधिक जाड असलेले पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉल बीटाशी जुळते आणि अल्फाच्या भोकातून जाऊ शकत नाही.

वलये साखळीच्या टोकाकडूनच आत शिरतात हेही त्यांनी सिद्ध केले: टोकांना मोठे गट जोडलेल्या साखळीचे संयुग बनले नाही. उलट, वलये आधी ओवून नंतर टोके बंद केली तर ती बाहेर निघू शकत नाहीत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा रचनेला त्यांनी रेण्वीय कंठहार म्हटले. वाढीचा क्रम येथे दोन पायऱ्यांचा आहे. आधी द्रावणात एकेका साखळीवर वलये गोळा होतात आणि बहुतेक वेळा रुंद तोंड रुंद तोंडाला व अरुंद तोंड अरुंद तोंडाला लागून हायड्रोजन बंधांनी स्तंभ बनतो. मग असे स्तंभ एकमेकांशेजारी षटकोनी मांडणीत येऊन स्फटिक घडतो. साखळी जितकी लांब, तितका तिच्या मध्यापर्यंत वलये पोहोचायला वेळ लागतो. मिळणारे स्फटिक फार सूक्ष्म असल्यामुळे रचना सहसा भुकटीच्या क्ष-किरण विवर्तनावरून ओळखावी लागते. एकट्या अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या स्फटिकात वलये तिरकी बसून एकमेकांची भोके बंद करतात. साखळी आत आल्यावर ती एका रेषेत येतात आणि तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात सुमारे २० अंशांवर नलिकारचनेचे ठळक शिखर दिसते.

यजमान काढून टाकल्यावर काय उरते, यावर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात ॲलन टोनेली यांनी दीर्घकाळ काम केले. सायक्लोडेक्स्ट्रिन गरम पाण्याने किंवा एन्झाइमने धुऊन काढले की ताणलेल्या साखळ्या एकत्र येतात, पण त्या लगेच जुन्या गुंत्यात परतत नाहीत. एरवी एकमेकांत न मिसळणारे दोन पॉलिमर एकाच यजमानाच्या शेजारशेजारच्या नलिकांत ठेवून मग यजमान काढला, तर त्यांचे जवळीक असलेले मिश्रण मिळू शकते. स्फटिकाच्या वाढीत साखळीने स्वीकारलेली सरळ अवस्था स्फटिक नाहीसा झाल्यावरही काही काळ पदार्थाच्या वर्तनात दिसत राहते.

पॉलिमर नेहमी पाहुणाच असतो असेही नाही. स्टार्चमधील अमायलोजची साखळी दर वळणाला सहा ग्लुकोज एकके अशा मळसूत्रात वळते आणि आयोडीनचे अणू त्या मळसूत्राच्या आत रांगेत बसतात. स्टार्चच्या परीक्षणातील गडद निळा रंग या रांगेचा असतो. सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरीन (ज्यात साखळीवरील बाजूचे गट आलटून-पालटून दोन बाजूंना असतात) तर टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांबरोबर स्वतःच यजमान बनून स्फटिकीभूत होते. हा पॉलिमर १९८० च्या दशकात जपानमध्ये प्रथम तयार झाला आणि इटलीतील गाएतानो ग्वेर्रा, क्लॉदिओ दे रोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रचना बारकाईने उलगडल्या. त्यातून द्रावक काळजीपूर्वक काढला तर युरियासारखा सांगाडा कोसळत नाही. मळसूत्री साखळ्या जागच्या जागी राहतात आणि आत रिकाम्या पोकळ्या उरतात. अशा रिकाम्या स्फटिकाची घनता सुमारे ०.९८ ग्रॅम असते, तर त्याच पॉलिमरच्या अस्फटिकी रूपाची १.०५ ग्रॅम. स्फटिक अस्फटिकी रूपापेक्षा हलका असणे पॉलिमरांत अत्यंत दुर्मीळ आहे, आणि याच मोकळ्या जागेमुळे हा पदार्थ पाण्यात अल्प प्रमाणात विरघळलेली क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये ओढून घेऊन पुन्हा यजमान होतो.